रेषेची मागची कड

मंजू,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून दे म्हणून निरोप आला. मी हो म्हटलं आणि तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. ‘मनमिळाऊ, सदा हसतमुख’ एवढं लिहून झालं आणि माझा मलाच राग आला. तू मनमिळाऊ कधी होतीस गं? अर्ध्या एनस्खेडे गावाशी तुझं वाजलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी कचऱ्याच्या डब्यावरून, मंडळाशी गणपतीच्या वर्गणीवरून, माझ्याशी तर कशाहीवरून. तेव्हा मंडळाचं पान राहू दे. हे तुलाच लिहितेय. तुला जाऊन आज आठ दिवस झाले आणि मला अजून हे वाक्य नीट म्हणता येत नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तुझ्या श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची पँट खालून आखूड करत होते. म्हणाला, "नीलू, मंजू पडली. शाळेच्या दारात सायकलला कुलूप लावत होती." मी विचारलं, "फार लागलंय का?" तो म्हणाला, "ती नाहीये." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पँटचा दुसरा पाय शिवून पूर्ण केला. दोन्ही पाय जुळवून पाहिले, इस्त्री केली, हँगरला लावली, त्यावर चिठ्ठी टाचली. नंतर उठून चप्पल घातली. मेंदूतली रक्तवाहिनी, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. एकोणपन्नास वर्षांची धडधाकट बाई, आदल्या दिवशी माझ्याकडून शिवणाची कात्री घेऊन गेलेली, आणि रक्तवाहिनी. मला अजून कुणी ते समजावून सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलंय, मला समजत नाहीये.

आपण दोघी इथं नेदरलँड्सला एकाच वर्षी आलो, दोघीही नवऱ्याच्या व्हिसावर, दोघीही हातात डिग्री आणि दिवसभर करायला काही नाही. तू डोंबिवलीची, मी सदाशिव पेठेतली, त्यामुळे पहिली दोन वर्षं आमटीत गूळ किती घालायचा यावर गेली. तू शाळेतल्या पाळणाघरात लागलीस. मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकलं आणि इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये जाऊन धंद्याची नोंद केली. त्या दिवशी तू पेढे वाटलेस, माझ्या नवऱ्याच्या लक्षातही नव्हतं. पुढं त्याची नोकरी अॅमस्टरडॅमला गेली, मग तोही गेला, आधी सोमवार ते शुक्रवार आणि नंतर कायमचा. ते सगळं झालं त्या वर्षी तू मला रोज फोन करून "जेवलीस का" एवढंच विचारायचीस. दुसरा प्रश्न विचारला असतास तर मी तुला तोडून टाकलं असतं, हे तुला बरोबर ठाऊक होतं.

आणि मग तू मला त्या मैदानावर ओढलंस.

ईशान तुझा एकुलता एक. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गेला आणि पहिल्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये शिरला. तुला वाटलं होतं फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल. पहिला सामना बघून आलीस ती रडतच. "नीलू, ते चेंडू सोडून माणसांवर धावतात गं." मी म्हटलं, काढ त्याला. त्यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं होतं, पोराला इतकी वर्षं भेंडीची भाजी भरवून मोठं केलं ते काय दुसऱ्याच्या अंगावर फेकायला? तुझं म्हणणं होतं, इथं त्याला पहिल्यांदा कुणीतरी ‘आमचा’ म्हणालंय. तू जिंकली होतीस, मी फक्त कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे साखळीला माणसं नव्हती. कोच यूप म्हणाला, घरच्या टीमनं साखळीची माणसं द्यायची असा नियम आहे, नाहीतर सामना होत नाही. तू हात वर केलास आणि माझंही नाव देऊन मोकळी झालीस. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन कापायच्या टेबलावर माझीच टेप पसरून मला शिकवायला लागलीस. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. गेले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही गेले तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या आणि मधे दहा यार्डांची साखळी. दर पाच यार्डांवर मैदानात एक पांढरी रेषा असते. साखळी जिथं रेषेवरून जाते तिथं साखळीला एक क्लिप लावायची. मग चेंडू पुरला की नाही असा वाद झाला की साखळी उचलून मैदानात न्यायची, क्लिप त्याच रेषेवर ठेवायची आणि साखळी ताणायची. एवढंच.

मी विचारलं होतं, "रेषा तर चार बोटं रुंद दिसते. क्लिप नेमकी कुठं?" तू माझ्याकडे कौतुकानं बघितलंस. "म्हणूनच तुला घेतलं," म्हणालीस. "मागच्या कडेला, मागच्या काठीच्या बाजूला. नेहमी मागच्याच. लावतानाही आणि ठेवतानाही."

तीन वर्षं आपण दोघी त्या कडेला उभ्या राहिलो, रेनकोटवर पिवळं जाकीट चढवून. तू मागच्या काठीला आणि क्लिपला, मी पुढच्या काठीला. साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुठल्याच बाजूचं व्हायचं नाही. तुला ते अजिबात जमायचं नाही. ईशान खाली पडला की तू काठी गच्च धरायचीस आणि तोंडातल्या तोंडात रामरक्षा पुटपुटायचीस. एकदा रेफरीनं विचारलं, बाई काय म्हणताय? तू म्हणालीस, अंतर मोजतेय. मला हसू आवरेना, तर मलाच ताकीद मिळाली.

त्या पोरांनी मला मावशी म्हणायला सुरुवात केली. ईशान म्हणतो म्हणून सगळेच म्हणायला लागले, दोन मीटर उंचीचे ते डच आणि जर्मन पोरगे, "मास्सी, मास्सी" करत. फाटलेल्या जर्सी माझ्याकडे येऊ लागल्या. रविवार आला की मला उठावंसं वाटू लागलं. हे मी तुला एकदाच सांगितलं, याच मार्चमध्ये, सीझनच्या पहिल्या सामन्याला जाताना गाडीत. मी म्हटलं, "मंजू, या गावात मला दुसरं काही नाही गं. हे मैदान आहे म्हणून मी इथं आहे." तू डावा इंडिकेटर दिलास आणि वळलीस.

हा सीझन म्हणजे चमत्कारच होता. पहिले दोन सामने हरलो, यूपनं आशा सोडली, आणि मग ही पोरं जी सुटली ती सलग चार सामने जिंकली. टीम सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. टिलबर्गच्या पाहुण्यांना हरवलं की उपांत्य फेरी. ईशानचं शेवटचं वर्ष. त्यानं थिसिस बाजूला टाकला होता, तू त्याला ओरडत होतीस आणि डब्यात दुप्पट पोळ्या देत होतीस.

तो रविवार मी रोज पुन्हा जगतेय. सकाळपासून आडवा पाऊस. शेवटची तीन मिनिटं, पाहुणे चार गुणांनी पुढं आणि चेंडू त्यांच्याकडे. त्यांना अडवलं की चेंडू आपला, आणि तीन मिनिटं या पोरांना भरपूर होती. साखळी नव्यानं लावायची होती. तू खाली वाकलीस आणि क्लिप तुझ्या हातून दोनदा निसटली. "नीलू, बोटं गारठलीत, तू लाव." मी पुढची काठी रोवून धावत आले, लावली आणि परत गेले. चौथ्या प्रयत्नाला त्यांचा तो बैलासारखा पोरगा चेंडू पोटाशी धरून घुसला आणि बरोबर काठीपाशी पडला. रेफरीनं हातांनी खूण केली, मोजा.

आपण साखळी घेऊन मैदानात गेलो. तू क्लिप रेषेवर ठेवलीस. मी साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या पुढं दोन बोटं गेलेलं दिसलं. रेफरीनं हात केला, पुरला. आणि त्याच क्षणी माझं लक्ष तुझ्या हाताकडे गेलं. तू क्लिप मागच्या कडेला ठेवली होतीस. मी घाईत, पावसात, डोळ्यावरचं पाणी पुसत ती पुढच्या कडेला लावली होती. त्यामुळे पुढच्या काठीसकट साखळी चार बोटं मागं सरकली होती. चेंडू खरं तर कमी पडला होता.

बोलायला तीन-चार सेकंद होती. रेफरी माझ्यापासून हातभर लांब होता. "थांबा, क्लिप चुकली," एवढे तीन शब्द. माझं तोंड उघडलंच नाही. मी, जी गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगते की पाव इंच कमी पडतंय, ती मी गप्प उभी राहिले. मग पाहुण्यांनी वेळ काढला आणि सामना संपला. सीझनही संपलाच म्हणायचा. एक शेवटचा सामना उरला होता, पण तो नुसता खेळायचा म्हणून.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर पोरं मोबाईल घेऊन उभी होती. पाय मोडलेल्या एकानं कडेवरून व्हिडिओ काढला होता. त्यात क्लिप लावणारा हात आणि ठेवणारा हात दिसत होते, दोन्ही हातमोजे काळे, दोन्ही जाकिटं पिवळी, चेहरे नाहीत. कुणीतरी डचमध्ये म्हणालं, क्लिप वेगळ्या कडेला आहे. यूप म्हणाला, आता काही होत नाही, रेफरीचा निर्णय झाला. ईशाननं व्हिडिओ तीन वेळा बघितला. तू पुढं झालीस आणि म्हणालीस, "क्लिप माझ्याकडे असते. माझी चूक." इंग्रजीत, सगळ्यांसमोर. मी तुझ्या मागं उभी होते. ईशान तुला म्हणाला, "यू हॅड वन जॉब, आई." आणि बॅग उचलून निघून गेला.

मी तेव्हाही बोलले नाही.

परतताना गाडीत तू वायपरकडे बघत होतीस. सोमवारी मी फोन केला. म्हटलं, "मंजू, रविवारचं ते..." तू म्हणालीस, "सोड ना. झालं ते झालं. मला उद्या तुझी मोठी कात्री हवीय." मंगळवारी नाही आलीस, बुधवारी आलीस. मी चहा ठेवला. तू विचारलंस, ईशाननं तुला फोन केला का? मी नाही म्हटलं. "माझाही उचलत नाही," म्हणालीस, आणि पडद्याच्या कापडाच्या गोष्टी काढल्यास. मी तुझ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, केवढी गं तू. पोराचा राग स्वतःच्या अंगावर घेतलास, मला मैदान राहावं म्हणून. तुला मुलगा होता, आज ना उद्या तो बोललाच असता. मला ती पोरं परत मिळाली नसती. हे सगळं तू तोलून मापून केलंस आणि वर माझ्याकडून साधे आभारसुद्धा मागितले नाहीस. मी ठरवलं, येत्या शनिवारी तुला घरी जेवायला बोलावून सांगायचं, ईशानलाही बोलवायचं आणि दोघांसमोर सांगून टाकायचं. शनिवार. काय नडलं होतं गं मला बुधवारीच सांगायला?

परवा बुधवारी दहनगृहात तुला निरोप द्यायला अख्खी टीम आली होती. पांढरा शर्ट, त्यावर निळी जर्सी. तुझी पेटी सहा जणांनी उचलली, पुढं ईशान. साडेपाच फुटांची तू आणि तुला खांदा द्यायला सहा राक्षस. तू असतीस तर म्हणाली असतीस, हळू रे, केस विस्कटतील. सगळा कार्यक्रम पाऊण तासात आटोपला, कारण पुढच्यांची वेळ होती, आणि मग शेजारच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक. मला त्या केकचा इतका संताप आला. लोक बशा धरून उभे होते आणि मला म्हणत होते, छान झालं सगळं. ईशान कोपऱ्यात एकटा होता. श्रीकांत त्याच्याशी बोलायला गेला तर तो सरकून उभा राहिला. चार दिवस आईचा फोन न उचललेला मुलगा, आणि त्याचं कारण मी, हातात केकची बशी.

गेले दोन दिवस मी हाच विचार करतेय. त्याला सांगितलं तर तो आणखी तुटेल, की आईची चूकच नव्हती आणि मी तिच्याशी बोललो नाही. नाही सांगितलं तर तो जन्मभर मनातून तुला माफ करत राहील, जे करायची गरजच नव्हती. आणि पोरं मला मास्सी म्हणत राहतील. मी तुझी ऋणी आहे, मंजू. तू मला झाकलंस. पण मला हे झाकण आता सहन होत नाही. उद्या जाते त्याच्याकडे.

*

वरचं सगळं काल, शुक्रवारी लिहिलं. आज शनिवार. मी खरंच गेले.

तो त्याच्या खोलीत होता, पडदे बंद. मी डबा टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. एका दमात, मराठीत. क्लिप मी लावली होती, चुकीच्या कडेला, मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तुझ्या आईला माहीत होतं. मला वाचवायला तिनं स्वतःवर घेतलं." हे सांगताना मला वाटत होतं की मी त्याला तुझं काहीतरी परत देतेय.

तो इंग्रजीत म्हणाला, "नाही मावशी. तिला माहीत नव्हतं."

त्यानं फोन काढला. बुधवारी संध्याकाळचा तुझा निरोप. तू माझ्याकडून कात्री घेऊन घरी गेलीस त्यानंतरचा. त्यानं तो गुरुवारी दुपारी ऐकला होता, तू गेल्यावर.

तुझा आवाज जरा दमलेला होता. "ईशू, उचलत नाहीस तर निदान ऐक. मी चार दिवस आठवून आठवून बघतेय. क्लिप नीलूनं लावली होती, माझी बोटं गारठली होती म्हणून. म्हणजे लावताना काही चुकलेलं नाही, नीलूचं माप चुकत नाही. तेव्हा मैदानात ठेवताना मीच कड चुकवली असणार. मला अजून वाटतं मी मागच्याच कडेला ठेवली, पण नाही, माझंच चुकलं. हे तिच्याजवळ काढू नकोस हं, तिला वाटेल मी तिच्यावर ढकलतेय. सॉरी बाळा. तुझं शेवटचं वर्ष होतं."

बस्स. पुढं भांडी आपटल्याचा आवाज आहे आणि निरोप संपतो.

मी खाली बसले. त्याच्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कपडे होते, म्हणून जमिनीवर बसले. काल मी जे लिहिलं, तोलून मापून, झाकलंस, ऋणी, त्यातलं एक अक्षर खरं नाही. तू काहीही तोललं नव्हतंस. तू मला वाचवतच नव्हतीस, मंजू. तुला खरंच वाटत होतं की तू चुकलीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यालीस तेव्हा तू मोठं मन दाखवत नव्हतीस, तू आतून कुढत होतीस, आणि समोर बसून मी तुझं कौतुक करत होते. स्वतःच्या डोळ्यांनी जे बघितलंस त्यावर तू विश्वास ठेवला नाहीस, माझ्या हातावर ठेवलास.

ईशान रागावला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मावशी, तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग खरं सांगितलं. म्हटलं, तुम्ही मला मावशी म्हणायचं बंद कराल म्हणून. त्यानं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला लागला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या शेवटचा सामना आहे. टीमला सांग. मी नाही सांगणार, तू सांग." मी हो म्हटलं. त्यानं डबा उघडला नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला, एवढंच.

उद्या दहा वाजता मी त्या पोरांपुढं उभी राहीन आणि माझ्या मोडक्या डचमध्ये सांगेन. त्यानंतर ते मला साखळीला ठेवोत न ठेवोत, त्यांची मर्जी. जर्सी शिवून घ्यायला दुसरं कुणीतरी मिळेल. त्याचं आता मला काही वाटत नाही, खरंच. मला वाटतंय ते वेगळंच. उद्या सगळ्यांना कळेल, यूपला, त्या पाय मोडलेल्या पोराला, श्रीकांतला, मंडळातल्या प्रत्येक बाईला कळेल. फक्त जिला कळायला हवं होतं तिला सोडून.

म्हणून आधी तुला. क्लिप मी लावली, मंजू, पुढच्या कडेला. माझं माप चुकलं. तू मागच्याच कडेवर ठेवली होतीस, जिथं ठेवायची तिथंच. मी बघितलं होतं. तू चुकली नव्हतीस.

नीलू